अ‍ॅम्प बदलू का? यामाहा ए-एस ८०१ वरून ए-एस २२००

मांजराकाठ (लातूर):
नमस्कार मंडळी. लई दिवस डोक्यात घोळायलंय म्हणून शेवटी धागाच काढला. माझ्याकडं यामाहाचा ए-एस ८०१ अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) आहे, स्पीकर केईएफ आर-३, गाणी लॅपटॉपवरून यूएसबीनं थेट अ‍ॅम्पला. हॉल चौदा बाय चौदा, वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी. ऐकणं जास्त करून शास्त्रीय, मग जुनी मराठी-हिंदी गाणी, आणि पोरगं सुट्टीला आलं की त्याचं ते धडामधूम.

मध्ये पुण्याला गेलतो, तिथं एका शोरूमला ह्याच आर-३ ला २२०० लावून ऐकवला. काय सांगू राव, तानपुरा सगळ्या खोलीत भरून राहिला, आणि त्याच्या तोंडावरचे आवाजाच्या मीटरचे ते दोन काटे हलताना बघितल्यावर तर आपण कामातूनच गेलो. शोरूमवाला म्हणतो स्पीकर तुमचे भारी आहेत पण अ‍ॅम्प त्यांना न्याय देईना. जुना देऊन वर दोन लाखाच्या आसपास जातील. पैसे बाजूला आहेत, कर्ज काढायचं नाही. बायको म्हणते आत्ताच्यात बिघडलंय काय ते आधी सांगा, आणि ते मला नीट सांगता येईना ही खरी पंचाईत. घ्यावा का?

खडकपूर्णा:
काटे हलतात म्हणल्यावर अजून काय पाहिजे. घ्या.

वायरमन_परभणी:
दादा, ८०१ आठ ओहमच्या स्पीकरला (ओहम म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो त्याचं माप) १०० वॅट देतो. २२०० देतो ९०. म्हणजे दोन लाख देऊन तुम्ही दहा वॅट कमी करून घ्यायलात. 😄
चेष्टा सोडा, ९० आणि १०० मध्ये फरक अर्ध्या डेसिबलचा, तो कुणालाच कळत नाही. वॅट दुप्पट केले तर तीन डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायचा असेल तर वॅट दहापट लागतात. त्यामुळं वॅटसाठी घ्यायचा असेल तर विषय इथंच संपला. दुसऱ्या कशासाठी घ्यायलात ते सांगा म्हणजे बोलता येईल.

जवारी (छ. संभाजीनगर):
वायरमन, आठ ओहमचा आकडा अर्धाच सांगता तुम्ही. आर-३ वर आठ ओहम लिहिलेलं असतं पण काही फ्रिक्वेन्सीला तो ३.२ ओहमपर्यंत खाली येतो. तिथं करंट लागतो, आणि करंट कुठून येतो तर ट्रान्सफॉर्मर आणि मोठ्या कपॅसिटरमधून. ८०१ चं वजन बारा किलो, २२०० चं बावीसच्या वर. हे दहा किलो काय नुसता पत्रा आहे का? २२०० चार ओहमला १५० देतो. मी स्वतः हेगेल कंपनीचा अ‍ॅम्प वापरतो, आधी माझ्याकडंपण याच किमतीतला जपानी होता, आणि बदलल्यावर जो फरक पडला तो शेजारच्याला पण कळला. मांजराकाठ, तुमच्या कानावर विश्वास ठेवा. पुण्यात जे ऐकलं ते खरंच ऐकलं.

खवचट:
वजनावरच घ्यायचा असंल तर लातूरच्या बाजारात, गंजगोलाईत या मालक, काट्यावर लावून देतो. काटा पण हलतो आमचा.

बालाघाट:
दोन लाख म्हणजे किती झाले बघा. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ धरला तर साडेसदतीस क्विंटल. आणि हमीभाव मिळाला तर हं. बाजारात विकलं तर अजून आठ-दहा कट्टे वाढवा. आमचं एवढं रान पिकवून जर तानपुराच ऐकायचा असंल तर आम्ही खुद्द तानपुरेवालाच घरी ठेवू की. 😂

अंबाजोगाईची:
मी गाणं शिकवते, अ‍ॅम्पमधलं मला काही कळत नाही, पण वहिनींचा प्रश्न मला सगळ्यात बरोबर वाटला. मांजराकाठ दादा, एक करा. विलंबितातला एखादा ख्याल लावा, ज्यात तबलजी साधा ठेका धरून बसलाय. डोळे मिटून फक्त डग्ग्याकडं लक्ष द्या. डग्ग्यावरचा प्रत्येक 'घे' हा बोल सारखा ऐकू येतो का, का एखादा घुमतो आणि एखादा गायबच होतो? मग तानपुऱ्याकडं. पहिली तार आणि खर्जाची तार यांचा आवाज एकमेकांत गिळला जातो का? आणि गायकाचा स्वर दोन स्पीकरच्या मधून येतो का भिंतीवरून आल्यासारखा येतो? हे सांगा. मग लोक सांगतील कशानं होतंय ते.

मांजराकाठ:
ताई, आत्ताच बसून ऐकलं. डग्गा घुमतो. चांगलाच घुमतो, म्हणजे आत्तापर्यंत मला वाटत होतं की स्पीकरचा बास भारी आहे म्हणून तसं येतंय. सोफ्यावरून उठून खिडकीपाशी गेलो तर एकदम हलका होतो. खर्ज पण त्यातच मिसळतो. आवाज मधून येतो पण टाळी वाजवल्यासारखी एक धार असते त्याला, विशेषतः बायकांच्या आवाजाला. स्पीकर भिंतीपासून वीतभर अंतरावर, शोकेसच्या दोन बाजूला. अ‍ॅम्प शोकेसमध्येच, समोर काच.

वायरमन_परभणी:
हां. आता सापडलं.
चौदा फूट म्हणजे सव्वाचार मीटर. त्या लांबीला पहिली लाट घुमते साधारण ४० हर्ट्झला, मग ८०, मग १२०. लांबी रुंदी सारखीच असल्यामुळं दोन्हीकडून तीच लाट उठायली, एकावर एक. डग्ग्याचा घे नेमका त्या ८० च्या आसपास येतो. आणि स्पीकर भिंतीला चिकटून, आर-३ चं बासचं भोक मागच्या बाजूला, म्हणजे भिंत अजून भर टाकायली. ह्यात अ‍ॅम्प करणार काय? २२०० लावला तरी तोच डग्गा घुमणार, फक्त महागात घुमणार.

स्पीकरच्या खोक्यात फोमचे बोळे आले असतील, ते त्या भोकात घाला. फुकट आहे. स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढं घ्या, सोफा एक हात पुढं ओढा, भिंतीला टेकलेला नको. आणि अ‍ॅम्प काचेतून बाहेर काढा दादा, लातूरला मेमध्ये बेचाळीस तर बाहेरच असतं, काचेत किती होत असंल. कपॅसिटरचं आयुष्य दर दहा डिग्रीला साधारण निम्मं होतं.

मांजराकाठ:
बोळे सापडले, माळ्यावर, खोक्यातच होते. पण स्पीकर दोन फूट पुढं घेतला तर पोरगा अडखळतो आणि आई म्हणती घरात पाव्हणे आले तर बसायचं कुठं. बघतो.

गावाकडचा:
थोडं विषय सोडून, पण खोलीचं निघालं म्हणून. आमच्या औसा तालुक्यात वडिलांचं माळवदाचं घर होतं. दोन-अडीच फुटी भिंती, दगड-माती, आतून पांढऱ्या मातीनं लिपलेल्या, वर सागवानी तुळया आणि त्यावर मातीचा थर, खाली शेणानं सारवलेलं. त्या बैठकीत वडील साधा टेपरेकॉर्डर लावायचे आणि आवाज असा यायचा की काय सांगावं, गाणारा समोर मांडी घालून बसलाय. घुमणं नाही, धार नाही. आत्ता स्लॅबच्या घरात मी ऐंशी हजाराची सिस्टिम लावली तरी तसं येईना. ९३ च्या भूकंपात माळवदाचा तो जड भारच लोकांच्या अंगावर आला, त्यामुळं नंतर कुणी तसं बांधलं नाही, आणि ते बरोबरच झालं. आमचं पण पाडलं. पण ऐकायला तशी खोली नाही.

अंबाजोगाईची:
अगदी. आमच्या गुरुजींचा वर्ग अशाच एका जुन्या वाड्यात भरायचा. तिथं माईक कधी लागला नाही, आणि आवाज ताणावापण लागला नाही. माती सगळी धार शोषून घेते. आता शिकवते त्या खोलीत मी भिंतीला सतरंज्या टांगल्यात, पोरी म्हणतात बाई हे काय गोदाम केलंय.

जवारी:
खोली महत्त्वाची आहे, मान्य. पण प्रत्येक धाग्यावर हेच चालतं, कुणी अ‍ॅम्पचं विचारलं की खोली, स्पीकरचं विचारलं की खोली. त्यानं पुण्यात फरक ऐकलाय ना? तेच स्पीकर होते ना? मग?

टाकळीकर_नांदेड:
तेच स्पीकर, पण खोली दुसरी, जागा दुसरी, गाणं त्यांनी निवडलेलं, आणि आवाज? मांजराकाठ, एक सांगा, तिथं आवाज घरी लावता तेवढाच होता का?

मांजराकाठ:
नाय हो. तिथं लई मोठा होता. घरी तेवढा लावला तर आई देवघरातून उठून येईल.

टाकळीकर_नांदेड:
झालं तर मग. दोन अ‍ॅम्पची तुलना करताना एकाचा आवाज अर्ध्या डेसिबलनं जरी जास्त असला तरी तो "मोठा" न वाटता "जास्त चांगला" वाटतो. मोकळा, भरलेला, वगैरे. तुलना करायची तर दोन्हीकडचा आवाज ०.१ डेसिबलच्या आत जुळवावा लागतो, तोपण मीटरनं. अमेरिकेत रिचर्ड क्लार्क म्हणून एकजण होते, त्यांनी दहा हजार डॉलरचं बक्षीस लावलं होतं. आवाज जुळवायचा, अ‍ॅम्प त्याच्या ताकदीच्या बाहेर न्यायचा नाही, आणि न बघता ओळखून दाखवायचं. लई लोकांनी प्रयत्न केला, बक्षीस कुणाच्या हाताला लागलं नाही.

जवारी:
क्लार्कचं उदाहरण सगळे देतात पण नियम पूर्ण कुणी वाचत नाही. त्यात दोन अ‍ॅम्पच्या टोनमध्ये फरक असला तर इक्वलायझर लावून तो फरक आधी पुसून टाकायची सोय होती. म्हणजे वेगळेपण काढून टाकायचं आणि मग म्हणायचं ओळखा. हे म्हणजे दोन्ही वरणाची फोडणी काढून घेऊन चव विचारल्यासारखं झालं.

टाकळीकर_नांदेड:
मुद्दा बरोबर आहे तुमचा, ट्यूबच्या अ‍ॅम्पसाठी तर नक्कीच, त्यांचा आवाज स्पीकरप्रमाणं बदलतो. पण इथं दोन्ही यामाहा, दोन्ही ट्रान्झिस्टरचे, दोन्हीचा टोन सपाटच. फोडणी आहेच कुठं काढायला.

जवारी:
फोडणी करंटची. मी परत सांगतो, ३.२ ओहम.

खवचट:
सरांनी ३.२ चा पाढा म्हणायला घेतला.

सिंदफणा (बीड):
एक वेगळंच विचारतो. मांजराकाठ, तुमच्याकडं लाइटचं कसं आहे? व्होल्टेज किती येतं? आमच्याकडं संध्याकाळी शेतातल्या मोटारी चालू झाल्या की १८५-१९० आणि रात्री दोनला २५०. २२०० मध्ये टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर आहे, गोल वेटोळ्याचा. त्याचा एक त्रास असा की लाइनमध्ये थोडा जरी डीसी शिरला तरी तो गुणगुणायला लागतो. माझ्याकडं आहे एक तसला, कंपनीचं नाव घेत नाही. दुपारी गप्प असतो, संध्याकाळी भुंग्यासारखा. दुरुस्तीला दिला तर शहरात ठणठणीत, घरी आणला की परत भुंगा. तर दोन लाखाचं यंत्र घ्यायच्या आधी स्टॅबिलायझर आणि अर्थिंगचा खर्च धरा.

वायरमन_परभणी:
सिंदफणा लाखमोलाचं बोलले. अर्थिंगचं तर आपल्याकडं कुणी बघतच नाही. घर बांधताना खड्ड्यात मीठ कोळसा टाकून पाइप ठोकतात आणि त्यावर फरशी घालून विसरून जातात. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाइपाभोवतीची ओल गेली की अर्थिंग नावालाच राहतं. एप्रिल-मेमध्ये त्या खड्ड्यात बादलीभर पाणी सोडत जा. अर्ध्या लोकांची स्पीकरमधली घरघर तेवढ्यानं जाते. उरलेली लॅपटॉपच्या चार्जरची असते, चार्जर काढून ऐकून बघा.

मांजराकाठ:
चार्जर काढला. घरघर गेली!! ही घरघर असती हेच मला माहीत नव्हतं, मला वाटायचं रेकॉर्डिंगच जुनं आहे.

बालाघाट:
दोन लाखापैकी आत्तापर्यंत किती खर्च झाले?

मांजराकाठ:
शून्य. 😄

पखवाजी:
आमच्या गावातल्या सप्त्यात आहुजाचा अ‍ॅम्प आहे, माझ्या आज्यानं वर्गणी काढून घेतलेला. ऊन, पाऊस, धूळ, जनरेटर, एकदा वानरानं वायर ओढली, अजून चालूच आहे. कीर्तनकार बदलले, अ‍ॅम्प तोच. अपग्रेड हा शब्द त्याला माहीत नाही.

खडकपूर्णा:
आणि पखवाज कसा वाजतो त्यावर?

पखवाजी:
पखवाज नाही वाजत, फक्त शिट्टी वाजते. पण चालू आहे.

निलंगेकरीण:
कुणी बोललं नाही म्हणून सांगते. ८०१ ला लाउडनेसचं बटण आहे, फिरवायचं. रात्री बारीक आवाजात ऐकताना आपल्या कानाला बास आणि वरचा आवाज कमी येतो, कानाची रचनाच तशी आहे, ते बटण तेवढं भरून काढतं. मांजराकाठ यांच्या घरी आई आहेत, ऐकणं बारीक आवाजातच होत असणार. २२०० ला बास, ट्रेबल आहे पण ते लाउडनेस नाही. शिवाय ८०१ मध्ये डॅक, म्हणजे लॅपटॉपमधल्या डिजिटल गाण्याचा अ‍ॅम्पला चालेल असा सिग्नल करणारा भाग, आतच आहे, म्हणून लॅपटॉप थेट लागतो. २२०० मध्ये डॅक नाही, तो वेगळा घ्यावा लागेल. म्हणजे दोन लाखावर अजून वीस-तीस हजार. आमच्या ह्यांनी असाच दुसरा एक अ‍ॅम्प आणला, मग डॅक, मग डॅकची वायर, मग वायरीसाठी स्टँड, आता घरात चालायला जागा नाही.

मांजराकाठ:
डॅकचं मला शोरूमला कुणी बोललं नाही. लाउडनेस मी रोज वापरतो. हे लई महत्त्वाचं सांगितलं ताई.

वायरमन_परभणी:
आता शेवटचं सांगतो, म्हणजे जवारी सरांचा करंटचा मुद्दापण निकालात निघंल. तुम्ही खरोखर किती वॅट वापरता ते घरच्या घरी मोजता येतं. पोरग्याचं धडामधूम जेवढं मोठं सहन होतं तेवढ्यावर आवाज ठेवा, बटणाला पेन्सिलीनं खूण करा, लाउडनेस सपाट ठेवा. अ‍ॅम्प बंद करून स्पीकरच्या वायरी काढा, हे विसरायचं नाही, नाहीतर स्पीकर जाईल. आता यूट्यूबवर नको, फाइल डाउनलोड करा, १२० हर्ट्झचा सलग सूर, शून्य डीबी पातळीचा, म्हणजे फाइलीत बसतो तेवढा सगळ्यात मोठा. तो त्या खुणेवर लावा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टला ठेवून अ‍ॅम्पच्या मागच्या टोकांवर लावा. जो आकडा येईल त्याचा वर्ग करून आठनं भागा. ते झाले तुमचे वॅट, तेपण गाण्यातल्या सगळ्यात मोठ्या झटक्याचे. वायरीची टोकं एकमेकाला लागू देऊ नका.

मांजराकाठ:
केलं. मेव्हण्याला बोलावलं, तो मोटार रिवाइंडिंगचं काम करतो, त्याच्याकडं मीटर होता. ९ व्होल्ट आले.

वायरमन_परभणी:
नऊ नव्वं एक्क्याऐंशी, भागिले आठ, दहा वॅट. तुमचा अ‍ॅम्प आठ ओहमला १०० देतो म्हणजे २८ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. तुम्ही सगळ्यात मोठ्यानं वाजवता तेव्हा नऊला. ३.२ ओहम धरला तरी करंट तीन अँपिअरच्या आत. ८०१ ला हे काहीच नाही, त्याला झोपेत जमंल. तुमचं रोजचं रात्रीचं ऐकणं तर एखाद्या वॅटच्या आत-बाहेर असणार.

जवारी:
आकडे बघितले. बरं, ह्या आवाजाला करंटचा प्रश्न येणार नाही हे कबूल. पण तरी माझं म्हणणं आहे की अ‍ॅम्प नुसता आकड्यावर घेत नाहीत. २२०० ची बांधणी बघा, बटण फिरवताना हाताला काय लागतं ते बघा. रोज संध्याकाळी दहा वर्षं बघणार आहात तुम्ही त्याच्याकडं. काटे आवडले तर आवडले, त्यात लाजायचं काय? फक्त आवाजासाठी घेतला असं घरी सांगू नका म्हणजे झालं.

निलंगेकरीण:
हे मात्र जवारी सर खरं बोलले.

अंबाजोगाईची:
दादा, डग्ग्याचं काय झालं?

मांजराकाठ:
ताई, बोळे घातले, स्पीकर दीड फूट पुढं आले (आईला सांगितलं सणाला परत मागं घेईन), सोफ्यामागं जुनी जाड गोधडी टांगली, फरशीवर सतरंजी. अ‍ॅम्प काचेच्या बाहेर टेबलावर. डग्गा आता प्रत्येक घे वेगळा ऐकू येतो. पूर्ण गेलं नाही, एका सुरावर अजून धरतो, पण खर्जाची तार मोकळी झाली. आणि आवाजातली ती धार गोधडीनं खाल्ली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली आज काय नवीन आणलं का.

तरी खोटं कामून बोलू, २२०० डोक्यातून गेला नाही. ते काटे दिसतात. एवढंच की आता घाई नाही, डॅक आणि स्टॅबिलायझर धरून हिशोब परत मांडतो. शोरूमवाल्याला विचारलं घरी आठ दिवस द्या म्हणून, तर म्हणाला लातूरला पाठवायला परवडत नाही.

जवारी:
मी पुढच्या रविवारी उदगीरला लग्नाला येणार आहे. हेगेल गाडीत घालून आणतो. तुमच्या घरी, तुमच्या स्पीकरवर, दोन्ही लावू. मला फरक ऐकू येतो का नाही ते पण होऊन जाऊ दे.

खवचट:
तिकीट किती?

मांजराकाठ:
या सर, बिनधास्त या. येसरची आमटी आणि भाकरी करायला सांगतो. वायरमन, तुम्हीपण या परभणीहून. कुठला अ‍ॅम्प चालू आहे ते कळू द्यायचं नाही, वायरी बदलायचं काम बायको करणार म्हणती, तिनं आत्ताच सांगितलंय की तोंडावरून काहीच कळू देणार नाही.

वायरमन_परभणी:
येतो. वहिनींना एवढंच सांगा, अ‍ॅम्प बंद केल्याशिवाय वायरीला हात लावायचा नाही, आणि दोन्हीचा आवाज मीटरवर व्होल्ट बघून जुळवायचा, कानानं नाही. मेव्हण्याचा मीटर दोन दशांशापर्यंत दाखवतो का बघून ठेवा, नाहीतर माझा आणतो.